धर्माचा रकाना

“हे असंच आहे ना?”

हा प्रश्न विचारताना मोठ्या गुरुजींचं पेन उघडलेलं असायचं, पण हातात नसायचं. समोरच्या रजिस्टरवर ते आडवं ठेवलेलं असायचं. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाकडे ते चष्मा काढून बघत बसायचे. बापाने पोराचं नाव आणि वय एवढंच सांगितलेलं असायचं, त्यात लपवण्यासारखं काही नसायचं. पण त्या बघण्याने तो गडबडायचा. पोराचं नाव तरी आपण बरोबर सांगितलं ना, असा त्याला स्वतःचाच संशय यायचा. मग थोड्या वेळाने तो “व्हय गुरुजी, असंच हाय” म्हणायचा आणि त्यानंतर कुठे पेन हातात यायचं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यासमोर उभं राहिलं की काही चोरलेलं नसताना आपण खिसे चाचपतो. मला अशी माणसं आवडत नाहीत, आधीच सांगून टाकतो. ती खोटी नसतात म्हणून नव्हे, तर आपण किती वेळा थोडंसं खोटं बोलतो हे त्यांच्यामुळे कळतं म्हणून.

मी देवळाली प्रवराकडचा. पाटाचं पाणी आणि बारा महिने हिरवा ऊस बघत वाढलो. शिक्षकाची परीक्षा पास झालो आणि पहिली नोकरी मिळाली ती नेवासे तालुक्यातल्या कोरड्या भागात, घोडेगावच्याही पुढे चार कोसांवर, मिशनच्या शाळेत. सातवीपर्यंतची शाळा, शेजारी दगडी चर्च, चार शिक्षक. त्यांत हिंदू मी एकटा. हेडमास्तरांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं आणि मला लहाने गुरुजी. ते स्वतः मला ‘बागाईतदार’ म्हणायचे. पहिल्या दिवशी मी हौदाजवळ दोन तांबे पाणी घेऊन पाय धुतले, ते त्यांनी व्हरांड्यातून पाहिलं होतं.

उंच, खांद्यातून वाकलेले, पांढरा लेंगा आणि उन्हाळ्यातही बंद गळ्याचा काळा कोट. बायको पूर्वीच वारलेली. मूलबाळ नाही. स्वयंपाक स्वतः करायचे आणि तो वाईट होतो असं स्वतःच सांगायचे.

शाळेत नाव घालताना मुलाचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात ज्या मोठ्या वहीत लिहितात, तिला जनरल रजिस्टर म्हणतात. त्यात एकदा लिहिलं की खोडता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. पुढे जन्मभर माणूस त्या एका ओळीवर चालतो. इतर शाळांत हे काम पाच मिनिटांचं. खेड्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते, म्हणून मास्तर एक जून ठोकून देतात. माझी स्वतःची जन्मतारीख एक जूनच आहे. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली होती.

मोठ्या गुरुजींना हे चालत नसे. ख्रिस्ती मुलांचं सोपं होतं, बाप्तिस्म्याच्या वहीत तारीख सापडायची. पण गावातल्या शेतकऱ्यांची पोरंही शाळेत येत, आणि त्यांच्यासाठी गुरुजी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसायचे. एका पोरासाठी ते तीन संध्याकाळी गेले. आई म्हणे, बाजरीला कणसं आली हुती. आजी म्हणे, न्हाई, खळं झालं हुतं. दोघींचं जमेना. शेवटी आजोबांना आठवलं की घोडेगावच्या बाजारातून खोंड आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगा झाला. मग आढ्याला टांगलेला डबा खाली आला, त्यात बाजाराची पावती निघाली आणि तिच्यावर तारीख. गुरुजींनी पुढची तारीख रजिस्टरात लिहिली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पोराच्या बापालाही पोरगा झाला तेव्हा झाला नसेल.

दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. सगळ्या जगात तिथे ‘चांगली’ असं लिहितात. गुरुजी ‘बरी’ लिहायचे. एकदा ‘चांगली, पण वर्गात झोपतो’ असं लिहिलं आणि त्या मुलाचा चुलता भांडायला आला. गुरुजींनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, झोपत नाही का? चुलता म्हणाला, झोपतो, घरीबी झोपतो, पण लिवायचं कशाला? दाखला मात्र तसाच गेला.

माझी बायको त्यांना अधूनमधून चहाला बोलवायची. पहिल्या दिवशी तिने रीतीप्रमाणे विचारलं, चहा कसा झालाय. ते म्हणाले, पातळ आहे, पण गरम आहे. मला वाटलं, ही आता तोंड पाडणार. पण ती हसली. पुढे कधी त्यांनी “आज चांगला झालाय” म्हटलं की तो दिवस तिचा चांगला जायचा. माझ्या म्हणण्याला मात्र तिने तेवढी किंमत कधी दिली नाही, कारण मी रोजच चांगला म्हणत असे.

या सगळ्यामागे त्यांचा एक हिशेब होता, तो त्यांनी मला एकदाच सांगितला. त्यांच्या मते देवाजवळ एक वही आहे आणि तिच्यात प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी आधीच लिहिलेली आहे. आपण इथे जे लिहितो ते त्या वहीशी जुळलं पाहिजे, एवढंच आपलं काम. जुळलं नाही तर ती वही बदलत नाही, आपलं लिहिणं खोटं ठरतं.

मला वाद घालायची खुमखुमी होती. मी म्हणालो, “गुरुजी, सत्य ज्याचं त्याचं असतं. आता हेच पाहा. शेतकऱ्याला विचारलं तर पीक दोन आणे आलंय, सरकारी कागदावर सहा आणे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.”

“पण शेतात किती आहे?” ते म्हणाले.

“ते कोण सांगणार?”

“सांगणारा कुणी नसला तरी शेतात तेवढंच आहे ना, बागाईतदार?”

मी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. रजिस्टरात धर्माचा एक रकाना असतो आणि त्यानंतर जातीचा. गावाबाहेरच्या वस्तीतली निम्मी घरं दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली होती. त्या घरातलं मूल कागदावर ‘हिंदू महार’ असलं तर त्याला सरकारी सवलती मिळायच्या: फी माफ, पुस्तकं, आणि तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृहात राहणं-जेवण. तेच मूल कागदावर ‘ख्रिस्ती’ असलं तर यातलं काही मिळत नसे. गावाने त्या घरांना वागवायची पद्धत काही बदलली नव्हती, विहीर तीच होती आणि पाणी वाढणारा हातही तोच. फक्त कागद बदलला की सवलत जायची.

म्हणून आजूबाजूच्या गावांत लोकांनी एक रीत पाडली होती. चर्चमध्ये रूथ, शाळेत राधा. रविवारी ख्रिस्ती, सोमवारी हिंदू. मास्तरही डोळेझाक करून लिहायचे. एकाच बापाच्या दोन भावांपैकी एकाची मुलं कागदावर हिंदू आणि दुसऱ्याची ख्रिस्ती, आणि उपासनेला सगळी एकाच सतरंजीवर बसलेली, असं मी स्वतः पाहिलं आहे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

मोठ्या गुरुजींच्या शाळेत मात्र जो ख्रिस्ती तो ख्रिस्ती. त्यांच्या हाताने लिहिलेले ते रकाने मी पुष्कळदा पाहिले आहेत, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. त्या एका शब्दाने किती मुलांचं शिक्षण सातवीत थांबलं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मुलांची नावं ते मला न बघता सांगू शकत.

बहात्तर साली उन्हाळ्यात मार्थाबाई शाळेत आली. वस्तीवरची विधवा बाई. तिची रूथ सातवीत पहिली आली होती. मुलगी खरोखर हुशार, गणित तोंडी करायची. पावसाने दोन वर्षं दगा दिला होता, घरात दाणा नव्हता. मार्थाबाई व्हरांड्याच्या पायरीशी बसली आणि म्हणाली की पोरीला तालुक्याला आठवीला घालायचं आहे, वसतिगृहात जागा आहे, तिच्या दिराची पोरगी तिथेच आहे. दाखल्यावर तेवढं ‘हिंदू’ लिवा.

गुरुजी तिच्याजवळ पायरीवर येऊन बसले. रजिस्टरात तसं नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं.

“आमी ख्रिस्ती हाय ते देवाला ठावं हाय की,” मार्थाबाई म्हणाली. “सरकारला कशापायी सांगायचं?”

“देवाला ठाऊक आहे म्हणूनच दुसरं लिहिता येत नाही, बाई.”

“एक शबुद हाय गुरुजी.”

“तोच एक आहे,” ते म्हणाले. “त्याच्यापुढे ‘नाही’ लिहायचं म्हणजे प्रभूला ओळखत नाही म्हणायचं.”

ती रडली नाही की भांडली नाही. पदर झटकून निघून गेली. मला गुरुजींचा राग आला आणि मी तो दाखवला. ते म्हणाले की मुलीची सोय मी करतो. त्यांनी नगरच्या एका मिशन बोर्डिंगला तीन पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर एकच आलं, दुष्काळामुळे जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी पाहू.

जूनमध्ये गुरुजींचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि ते पंधरा दिवस नगरला दवाखान्यात राहिले. चार्ज माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः वस्तीवर जाऊन मार्थाबाईला बोलावलं. दाखल्याचं पुस्तक काढलं, धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलं, जात लिहिली, खाली सही केली. वर्तणूक ‘चांगली’. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. रूथ वसतिगृहात गेली. गुरुजी परत आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ दाखवला. ज्यांच्याकडे जनावरं होती त्यांनी ती घोडेगावला नेऊन मिळेल त्याला दिली. माणसं खडी फोडायच्या सरकारी कामावर गेली, शेतकरीही आणि वस्तीवरचेही, सगळे एका रांगेत. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खायची आणि दिवसभर दगडावर हातोडी मारायची. शाळेत पोरं येईनाशी झाली. आली तरी बसल्या बसल्या पेंगायची. सुरुवातीला हे सगळं बघून वाईट वाटायचं. मग एक दिवस असा आला की काही वाटेनासंच झालं. बायको म्हणायची, तुम्ही हल्ली कशालाच हो-नाही म्हणत नाही. खरं होतं ते.

जानेवारीत समाजकल्याण खात्याचं पत्र आलं. वसतिगृहात ख्रिस्ती मुली राहतात असा कुणीतरी निनावी अर्ज केला होता. रूथची चुलत बहीण सुटली, कारण तिच्या शाळेच्या रजिस्टरातही ‘हिंदू’च होतं. रूथच्या बाबतीत विचारलं होतं की तुमच्या रजिस्टरात या मुलीचा धर्म काय नोंदला आहे, ते मुख्याध्यापकांनी सहीशिक्क्यानिशी कळवावं.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. दाखल्याचं पुस्तक काढून त्यात शाळेकडे राहिलेली स्थळप्रत पाहिली. मग मला बोलावलं.

“तुम्ही मला विचारलं नाहीत.”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“हो,” ते म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही दोघे सायकलींवर खडीच्या कामावर गेलो. मार्थाबाईला आधी सांगितल्याशिवाय तिच्या मुलीविरुद्ध काही लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. काम रस्त्याच्या कडेने मैलभर पसरलं होतं. काठ्यांवर गोणपाट टाकून लोकांनी हातभर सावली केली होती आणि त्यात बसून बायका दगड फोडत होत्या. दगड उडू नये म्हणून त्याच्याभोवती सायकलच्या जुन्या टायरचं कडं ठेवायचं आणि वरून घाव घालायचा. मार्थाबाई एका गोणपाटाखाली बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. आम्हाला बघून तिने हातोडी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

गुरुजी मातीत बसले. पत्र काय आहे ते त्यांनी तिला सांगितलं. जे खरं आहे ते मला लिहावं लागेल, असंही सांगितलं.

मला वाटलं, आता ही पाय धरणार. मी नजर दुसरीकडे वळवली. पण मार्थाबाईने फक्त मान हलवली.

“लिवा गुरुजी. जे हाय ते लिवा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तिने शेजारची फोडलेली खडी हाताने बाजूला सारली आणि गोणपाटाखाली थोडी जागा केली. “हितं बसंल ती माज्याजवळ. सावली हाय. हातोडी तेवढी बारकी बघावी लागंल, तिचं हात लहान हाईत.”

एवढं बोलून तिने पुन्हा दगड कड्यात ठेवला.

गुरुजी बराच वेळ त्या रिकाम्या केलेल्या जागेकडे बघत राहिले. मग उठले. येताना ते सायकलवर बसलेच नाहीत, सगळी वाट हातात धरून चालत आले. मीही चालत आलो.

शाळेत आल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं आणि रूथचं पान उघडलं. ‘ख्रिस्ती’, त्यांचंच अक्षर. पान उघडं ठेवून शेजारी कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं की आमच्या रजिस्टरात सदर मुलीचा धर्म ‘हिंदू’ असा नोंदला आहे. खाली सही केली, शिक्का मारला. सगळं सावकाश. रजिस्टरातल्या नोंदीला मात्र त्यांनी हात लावला नाही, ती होती तशीच राहू दिली.

मी म्हणालो, “गुरुजी, तुम्ही पुण्य केलंत. हे खोटं नाहीच. त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर हेच खरं आहे.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“असं म्हणू नका,” ते म्हणाले. “हे खोटं आहे. मी लिहिलं म्हणून ते खरं होत नाही. चांगल्यासाठी लिहिलं म्हणूनही होत नाही.”

“मग लिहिलंत कशाला?”

“मला दुसरं लिहिता आलं नाही.” ते म्हणाले, “प्रभूचा एक शिष्य होता. प्रभूला पकडून नेलं तेव्हा तो विस्तवाजवळ बसून तीन वेळा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. पण तो नंतर बाहेर जाऊन खूप रडला. मी वाट बघतोय, मला रडूही येत नाही.”

मीच लखोटा चिकटवून पोस्टात टाकून आलो.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी एक गोष्ट घडली, ती मला बाकीच्या शिक्षकांकडून कळली. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला. मोठे गुरुजी चर्चच्या मंडळीचे पंच, ते ताट धरून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरवायचे. त्या दिवशी ते पंचांच्या जागेवर बसलेच नाहीत. मागे दाराजवळ बसले. ताट त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि काही न उचलता पुढच्या माणसाकडे दिलं.

पुढच्या महिन्यातही तसंच. लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं, ऑपरेशनपासून त्यांना द्राक्षरस सोसत नाही. कुणी म्हणालं, चर्चच्या पाळकांशी बिनसलंय. पाळकसाहेब स्वतः माझ्याकडे आले, गुरुजी तुमच्याशी बोलतात, काय झालंय ते सांगा म्हणाले. मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

मग मीच एकदा गुरुजींना गाठलं. तुमच्या धर्मात क्षमा असते ना, मागून टाका, असं सरळ म्हणालो. देव तुमच्या पाळकासारखा कडक नसेल. ते हसले, त्या दिवसांत पहिल्यांदाच.

“क्षमा आहे,” ते म्हणाले. “पण पश्चात्ताप करायचा तर आधी तो कागद परत घ्यायला हवा. कागद हातात ठेवून क्षमा मागायची, ही लबाडी झाली. आणि कागद परत घेतला तर ती पोरगी दगडावर बसेल. ते मला करायचं नाही. म्हणजे मला पश्चात्ताप होत नाही, बागाईतदार. तो होत नाही तोवर त्या ताटाला हात लावायचा अधिकार नाही.”

“मग किती दिवस?”

“तिचं शिक्षण होऊ द्या.”

मला तेव्हा ते हट्टी वाटले. एका रकान्यातल्या एका शब्दासाठी माणसाने स्वतःला असं उपाशी ठेवावं, यात मला काही अर्थ दिसेना. अजूनही मी त्यांच्या बाजूचा झालो आहे असं नाही. पण एवढं मात्र कळतं की मी ज्याला खोटं म्हणतच नव्हतो, ते करायला मला पाच मिनिटं लागली. त्यांना खोटं ते खोटंच दिसत होतं आणि तरी त्यांनी ते केलं, आणि त्याबद्दल स्वतःला कसलीही सवलत दिली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. यथावकाश रूथ मॅट्रिक झाली. तिला नर्सिंगला जागा मिळाली ती त्याच दाखल्यावर, आणि पुढे सरकारी दवाखान्यात नोकरी लागली तीही त्याच दाखल्यावर. तो कागद संपेचना. गुरुजी निवृत्त झाले, शाळेमागच्या खोलीत राहू लागले. रविवारी चर्चमध्ये दाराजवळची जागा त्यांची ठरून गेली. ते प्रभुभोजन का घेत नाहीत हे विचारणारेही कमी झाले. नवीन मुलांना वाटे, त्यांची रीतच तशी आहे.

रूथ सुट्टीत गावी आली की माझ्या घरी यायची. बायकोसाठी काहीबाही आणायची. गुरुजींच्या खोलीकडे मात्र जायची नाही. तिला लहानपणी आईने जे सांगितलं होतं तेच तिला ठाऊक होतं, की मोठ्या गुरुजींनी दाखला नाकारला आणि लहान्या गुरुजींनी दिला. चौकशीचं पत्र आलं होतं हे वसतिगृहातल्या मुलीला कोण सांगणार? मार्थाबाईला वाटलं की गुरुजींनी बोलल्याप्रमाणे लिहिलं, पण सरकारच्या कारभारात ते पत्र कुठेतरी हरवलं. गुरुजींनी तिला खरं काय ते सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, सांगितलं तर ती आभार मानेल, आणि खोट्याचे आभार घ्यायचे नाहीत.

ते आजारी पडले तेव्हा मी जवळ होतो. शेवटच्या आठवड्यात नवे, तरुण पाळक भाकर आणि प्याला घेऊन खोलीत आले. आजाऱ्याला घरी आणून देतात, तशी त्यांच्यात रीत आहे. पाळकांनी प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. गुरुजींनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला. आता घेतात असं मला वाटलं. मी मनातल्या मनात म्हणतही होतो, घ्या हो, घ्या. त्यांनी तुकडा परत ताटलीत ठेवला आणि पाळकांना म्हणाले, “ती पोरगी अजून नोकरीवर आहे.” पाळकांना वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींचं पांघरूण सारखं केलं. तिसऱ्या दिवशी गुरुजी गेले.

मातीला सगळं गाव होतं. शेतकऱ्यांच्या घरातलीही माणसं आली, ज्यांच्या जन्मतारखा त्यांनी शोधून काढल्या होत्या ती पोरं आता बाप्ये झाली होती. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मूठभर माती टाकली आणि बाजूला होऊन उभा राहिलो. गीत चाललं होतं, त्याचे शब्द माझ्यापर्यंत नीट पोचत नव्हते.

रूथ आली होती. आईला घेऊन आली होती. मार्थाबाई पुढे जाऊन माती टाकून आली, पण रूथ कुंपणाजवळच थांबली. मी तिच्याजवळ गेलो.

“आई म्हणाली म्हणून आले,” ती म्हणाली. “मला नाही त्यांच्याबद्दल काही वाटत. धर्माच्या एका शब्दासाठी त्यांनी मला खडीवर बसवलं असतं. तुम्ही होतात म्हणून मी आहे, गुरुजी.”

मी तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. कबर दहा पावलांवर होती, माती टाकणारे अजून रांगेत होते. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिचं तिच्यापुरतं खरं आहे, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी तोंड मिटलं.

ख्रिस्ती माणसं सहसा कुणाच्या पाया पडत नाहीत. रूथ वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.